चांदी गळालेले चर : व्हेनिसच्या घरांतलं दमास्कसचं पितळ

कासारवाडा (धागाकर्ती)

माझ्या माहेरी तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. भांडं हातात आलं की वजनावरून, आवाजावरून, बुडाच्या खुणांवरून ते ओतीव की ठोकीव ते ओळखायची सवय तिथेच लागली. गेल्या वर्षी लेकीकडे लंडनला गेले होते. तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एका पितळी झारीपुढे इतका वेळ उभी राहिले, की लेक दोनदा परत येऊन बघून गेली. तेव्हापासून जे वाचत गेले ते इथे मांडते आहे.

तिला मोलिनो झारी म्हणतात. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तिची घडण जर्मनी किंवा नेदरलँड्सकडची. अंगावरचं नक्षीकाम मात्र इजिप्त किंवा सीरियातलं, बारीक वेलबुट्टी आणि तिच्यात जडवलेली चांदी. आणि कुलचिन्ह आहे व्हेनिसच्या मोलिन घराण्याचं. म्हणजे भांडं उत्तर युरोपात तयार झालं, तिथून भूमध्य समुद्र ओलांडून पूर्वेला गेलं, तिथल्या कारागिराने ते कोरलं, जडवलं आणि ते व्हेनिसच्या घरात येऊन बसलं. एका झारीसाठी एवढा प्रवास! हौसेने नक्षी करून घ्यायला कोरं भांडं परमुलखात पाठवायचं, म्हणजे त्या कारागिरांच्या हाताची व्हेनिसकरांना केवढी खात्री असेल.

या जडावकामाची परंपरा त्या वेळी जुनीच होती. ब्रिटिश म्युझियममध्ये 'ब्लाका झारी' आहे. शुजा इब्न मना याने ती १२३२ साली मोसुलमध्ये घडवली, आणि तसं तिच्यावर कोरूनही ठेवलं. मंगोलांच्या स्वाऱ्यांनंतर जडावकामाची मोठी केंद्रं दमास्कस आणि कैरो ही झाली. तिथे मामलुक सुलतानांचं राज्य होतं आणि त्यांचा व्हेनिसशी पक्का व्यापार होता. मिरी, रेशीम, काच यांच्याबरोबर पितळी परातीही पश्चिमेला जात. इटलीत त्यांना 'दमास्कसच्या धर्तीच्या' म्हणत. फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लोरेन्झो दे मेदिची वारल्यावर १४९२ मध्ये त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली, तिच्यातही हा शब्द सापडतो.

युरोपातल्या प्रबोधनकाळाबद्दल आपण शाळेत शिकलो ते असं : ग्रीक-रोमन विद्या परत सापडली आणि इटलीत कला फुलली. त्या फुलण्यात कैरो-दमास्कसच्या कारागिराचा हात होता हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या झारीपुढे उभं राहून ते डोळ्यांना दिसलं. जाणकारांनी भर घालावी.

---

मुळाकाठ

सुंदर धागा, ताई. एक अगदी प्राथमिक प्रश्न. पितळेवर चांदी बसवतात कशी? डाग देऊन?

---

कासारवाडा

नाही, डाग देत नाहीत आणि चिकटवतही नाहीत. चांदी तिथे नुसत्या ठोकण्याच्या जोरावर बसते.

आधी पितळेत छिन्नीने चर पाडायचा. त्याच्या कडा आतल्या बाजूने किंचित तिरप्या घ्यायच्या, म्हणजे चर तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद होतो. त्यात चांदीची तार किंवा पातळ पत्र्याचा तुकडा ठेवून हलक्या हातोडीने ठोकायचं. चांदी मऊ, पितळ कठीण. चांदी दबून तळाशी पसरते आणि तोंड अरुंद असल्यामुळे अडकून बसते. मग घासून सपाट करायचं. उरलेल्या खोलगट जागेत काळा, डांबरासारखा लेप भरायचा, की चांदी आणि पितळ दोन्ही उठून दिसतात.

हे मला पुस्तकाआधी भांड्यांनीच दाखवलं. पाचशे वर्षं घासूनपुसून त्यांची चांदी जागोजाग गळून पडली आहे. गळाली तिथे चर उघडा पडला आहे आणि छिन्नीचा एकेक घाव मोजता येतो. चांदी शाबूत असलेल्या भागात नक्षी दिसते, गळालेल्या भागात माणसाचा हात. मला गळालेला भागच जास्त जवळचा वाटला.

---

बिदरसीमा

मी उदगीरचा. आमच्याकडून बीदर एका हाकेवर. लहानपणापासून बिदरी कामाच्या दुकानांत बसत आलो, म्हणून लिहितो.

तुम्ही सांगितलेली ठोकण्याची रीत बीदरला आजही चालते. फरक मूळ धातूत आहे. बिदरीचं भांडं पितळेचं नसतं, ते जस्ताचं असतं, त्यात तांबं अगदी थोडं. ओतून झालं की घासून मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करतात, म्हणजे आखलेली रेघ दिसते. मग कोरायचं, चांदीची तार ठोकायची, परत घासायचं. शेवटी भांडं गरम करून त्यावर बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लगदा चोळतात. जस्त कायमचं काळंभोर होतं, चांदीला काही होत नाही. म्हणजे तिकडे काळा रंग भरावा लागतो, आमच्याकडे भांडंच काळं होतं.

आणखी एक. युरोपात त्या काळी सुटं जस्त कुणाला काढता येत नव्हतं. तांबं आणि जस्ताचं खनिज बंद मुशीत एकत्र तापवून थेट पितळच करत. जस्ताची वाफ पकडून धातू काढण्याची कला आपल्याकडे राजस्थानात झावरला होती. इंग्लंडात विल्यम चँपियनने तसं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. त्यामुळे दमास्कसचं जडावकाम आणि बिदरी ही एकाच घराण्यातली नाती असली, तरी एकीतून दुसरी निघाली असं मी म्हणणार नाही. बिदरी उभी आहे ती इथल्या जस्तावर.

---

जुनी_वही

धागा वाचून शब्दांच्या मागे लागले.

इटालियनमध्ये या कामाला 'अज्झिमिना' किंवा 'अजेमिना' म्हणतात. तो अरबी 'अजम'पासून आला. अजम म्हणजे अरबेतर, विशेषकरून इराणी. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये एका पेटीवर कारागिराने स्वतःचं नाव 'पाउलुस आजेमिनियुस' असं घातलं आहे, म्हणजे 'जडावकामवाला पाउलो'. आपल्याकडे सोनार, तांबट, कासार ही नावं कामावरून पडली, तसंच हे. फरक इतकाच की त्याच्या कामाचं नावच परभाषेतून आलं होतं.

दुसरा शब्द 'कफ्त'. कैरोमध्ये जडावकामाला हा शब्द होता आणि जडावकामवाल्यांचा स्वतंत्र बाजार होता. मूळ फारसी 'कोफ्तन', म्हणजे ठोकणे, कुटणे. आपली तलवारीच्या मुठीवरची कोफ्तगिरी त्यातूनच आली, आणि खिमा कुटून केलेला कोफ्तासुद्धा.

याच बाजाराबद्दल इतिहासकार अल-मकरीझी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हळहळून लिहितो, की लोकांनी जडावाची भांडी घेणं सोडलं आणि बाजारात मोजकेच कारागीर उरले. त्याच्या थोडं आधी, १४०१ मध्ये, तैमूरने दमास्कस लुटून तिथले कारागीर समरकंदला नेले होते. म्हणजे ज्या शतकात इटलीत या मालाची एवढी चाहूल लागते, त्याच शतकाच्या तोंडाशी हा धंदा मायदेशी मोडकळीला आला होता. पुढे सुलतान कायतबेच्या काळात (१४६८ ते १४९६) त्याला परत बरे दिवस आले. मला वाटतं, घरचं गिऱ्हाईक आटलेल्या कारागिराला परदेशी गिऱ्हाईक फार मोलाचं असणार. ताईंच्या झारीकडे या बाजूनेही बघावं.

---

प्रश्नांकित

माहिती उत्तम, पण मूळ मुद्दा पटलेला नाही. श्रीमंत व्हेनिसकरांनी बाहेरचा माल घेतला, ठीक. आज आपण चिनी कपबशी वापरतो म्हणून आपल्या कुंभारकामावर चीनचा प्रभाव आहे असं म्हणत नाही. इटालियन कारागिराच्या स्वतःच्या हातात काय आलं, ते दाखवा.

---

लोहगंध

योग्य प्रश्न आहे. याचं उत्तर एका इटालियन कारागिराच्याच तोंडून मिळतं.

बेनवेनुतो चेल्लिनी हा फ्लॉरेन्सचा सोनार आणि शिल्पकार. आत्मचरित्रात तो सांगतो, की तरुणपणी काही छोटे तुर्की खंजीर त्याच्या पाहण्यात आले. त्यांच्या पोलादात तुर्की पद्धतीची पानं कोरून सोनं भरलेलं होतं. ते पाहून त्याला आपणही हे करावं असं वाटलं, आणि त्याने तसे खंजीर केले. आपले तुर्कांच्यापेक्षा देखणे आणि टिकाऊ झाले असंही तो सांगतो. एक कारण असं देतो, की आपण पोलादात जास्त खोल आणि आतून रुंद चर घेतले. वरच्या प्रतिसादात ताईंनी सांगितलेला तोच चर! प्रश्नांकित, ही नुसती खरेदी नाही. एक कारागीर दुसऱ्याची वस्तू हातात घेऊन चर किती खोल आहे ते बघतो आहे. पुढे पानांबद्दलही तो लिहितो, की तुर्क कोणती पानं काढतात, रोममध्ये आणि तस्कनीत कोणती काढतात. त्याला आपल्या वेली अधिक आवडतात. पण तुलना करण्याइतपत त्याने त्या नक्षीचा अभ्यास केला आहे.

सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम उत्तर इटलीच्या अंगवळणी पडलं होतं. मिलानच्या नेग्रोली घराण्याची चिलखतं पाहा. मांतुआच्या जोर्जो गीझीने केलेली मिरवणुकीची ढाल ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तिच्यावर १५५४ साल आहे. लोखंड ठोकून उठावाची चित्रं काढलेली आणि त्यावर सोन्याचं जडावकाम. चित्रं पूर्ण युरोपीय, ग्रीक-रोमन वळणाची. सोनं बसवण्याची विद्या पूर्वेकडची. म्हणून मला वाटतं, प्रभाव शोधताना नुसती नक्षी बघू नये. नक्षी बदलली तरी हात तोच राहतो.

यात दोन रीती आहेत, त्याही वेगळ्या कराव्यात. खोल चर पाडून तार ठोकणं हे खरं जडावकाम, वेळखाऊ आणि टिकाऊ. दुसऱ्या रीतीत लोखंडाच्या पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून तो खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार दाबून बसवतात. हे झटपट होतं, सोनं कमी लागतं, पण घासलं की उडतं. बाजारात मागणी वाढली की दुसरी रीत बोकाळते, हे आपल्याकडच्या तलवारींवरही दिसतं.

---

रंगरेषा

नक्षीकडे दुर्लक्ष करू नका हो, तिचाही प्रवास मोठा आहे!

१५३० मध्ये पॅरिसला फ्रान्चेस्को पेल्लेग्रिनोचं नक्षीच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं गेलं. त्याच्या नावातच 'अरबी आणि इटालियन धर्तीची' असे शब्द आहेत. अशी पुस्तकं सोनार, भरतकाम करणारे, पुस्तकबांधणीवाले सगळे वापरत. छापखान्यामुळे दमास्कस कधी न पाहिलेल्या जर्मन किंवा इंग्रज सोनारापर्यंत ती वेल पोचली. हान्स होल्बाइनने इंग्लंडच्या राणी जेन सीमोरसाठी सोन्याच्या चषकाचं रेखाटन केलं, त्यावर ही गुंफलेली वेल आहे.

लिओनार्दोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाठींच्या गोल नक्षी आहेत, सगळा एकच न तुटणारा धागा. जर्मन चित्रकार ड्युररने त्यांच्यावरून सहा लाकडी ठसे केले. मामलुक परातीचं मधलं वर्तुळ आणि ही नक्षी शेजारी ठेवून पाहा.

आणि अक्षरं! जेंतीले दा फाब्रियानोच्या १४२३ च्या चित्रात (फ्लॉरेन्सला उफ्फिझीमध्ये आहे) मेरीच्या डोक्यामागची सोनेरी प्रभावळ नीट पाहा. गोल पट्टा, मध्ये मध्ये फुलं, आणि फुलांमध्ये अरबीसारखी दिसणारी अक्षरं. ती थेट मामलुक परातीची मांडणी आहे. धातूतही तेच. फिलारेतेने रोमच्या सेंट पीटर चर्चसाठी केलेले कांस्याचे दरवाजे १४४५ मध्ये पूर्ण झाले, त्यांवर अशी अक्षरं आहेत. वेरोक्कियोच्या कांस्याच्या डेव्हिडच्या अंगरख्याच्या काठावरही आहेत. ती वाचता येत नाहीत, फक्त अक्षरांचा डौल घेतलेला आहे. बायबलमधली माणसं पूर्वेकडची, तेव्हा त्यांच्या वस्त्रांवर पूर्वेचं लेखन हवं, असं त्या कलाकारांना वाटलं असावं. ज्या लिपीचं एक अक्षर कळत नाही ती चर्चच्या दारावर मानाने मिरवावीशी वाटणं, हे मला फार हृद्य वाटतं.

---

प्रश्नांकित

चेल्लिनीचा दाखला पटला. पुरावा हवा होता तो मिळाला, आभार.

आता पुढचा प्रश्न. मी जिथे तिथे असं वाचलं आहे, की व्हेनिसमध्येच मुसलमान कारागीर येऊन राहिले होते आणि ही भांडी त्यांनी तिथे केली. तसं असेल तर वस्तूंचा एवढा प्रवास कशाला?

---

जुनी_वही

ही समजूत एकोणिसाव्या शतकातली. फ्रेंच अभ्यासक आँरी लाव्वा याने १८६२ च्या सुमारास ती मांडली. या भांड्यांना 'व्हेनेतो-सारासेनिक' असं जोडनाव पडलं आणि संग्रहालयांच्या पाट्यांवर ते शंभर वर्षं टिकलं. घाट कधी युरोपीय, काम पूर्वेकडचं, सापडली व्हेनिसमध्ये, म्हणजे कारागीर व्हेनिसमध्ये असणार, असा हिशेब.

१९७० च्या आसपास हान्स हूथने त्याला हरकत घेतली. व्हेनिसमध्ये प्रत्येक धंद्याचा संघ होता आणि बाहेरच्याला तिथे स्वतंत्र कारखाना थाटणं सोपं नव्हतं. तुर्क व्यापाऱ्यांना उतरायला वेगळी वखार मिळाली तीही १६२१ मध्ये. मुसलमान कारागिरांची वस्ती असती तर संघांच्या दप्तरात तक्रारी तरी असत्या. आज बहुतेक अभ्यासक ही भांडी पूर्वेतच झाली असं धरतात. पूर्वेत कुठे, यावर मात्र वाद आहे. कुणी कैरो-दमास्कस म्हणतं. सिल्व्हिया ऑल्ड यांनी २००४ मध्ये यावर एक ग्रंथच लिहिला.

या भांड्यांवर काही सह्या आहेत. महमूद अल-कुर्दी आणि झैनुद्दीन ही दोन नावं महत्त्वाची. महमूदची एक सही दोन लिप्यांत आहे, अरबीत आणि रोमन अक्षरांत. मजकूर अरबीच : उस्ताद महमूदचं काम, जो आपल्या मालकाकडून क्षमेची आशा धरतो. रोमन अक्षरांत त्याचं भाषांतर केलेलं नाही, उच्चार तसाच उतरवला आहे. व्हेनिसच्या गिऱ्हाइकाला अर्थ कळणार नव्हता, पण नाव वाचता येणार होतं. आपलं नाव परक्या माणसाच्या ओठांवर यावं म्हणून त्याने, किंवा त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी, ती अक्षरं बसवली. महमूदबद्दल माहिती म्हणावी तर या सह्या आणि हे काम, एवढीच.

---

कासारवाडा

जुनी_वही, हे वाचून गप्प झाले. आमच्या दुकानात भांड्यांवर गिऱ्हाइकाचं नाव घालून द्यायची पद्धत होती. टोच्याने ठिपके मारत 'अमुक यांजकडून सौभाग्यवती तमुक हिस'. करणाऱ्या तांबटाचं नाव मात्र कधी कुणी घातलं नाही.

मोलिनो झारीवर कुलचिन्ह आहे. काही भांड्यांवर कुलचिन्हाची ढाल कोरून आतली जागा रिकामी सोडलेली असते. माल तयार ठेवायचा, ज्याने घेतला त्याने पुढे आपलं चिन्ह घालून घ्यायचं. हा हिशेब कुठल्याही भांडेवाल्याला लगेच कळेल.

---

बिदरसीमा

राजांसाठीही असं काम झालेलं आहे. सायप्रसचा ख्रिस्ती राजा चौथा ह्यू (राज्यकाळ १३२४ ते १३५९), त्याच्या नावाचं एक घंगाळं लूव्रमध्ये आहे. त्यावर अरबी आणि फ्रेंच असे दोन्ही लेख आहेत. लूव्रमध्येच मुहम्मद इब्न अल-झैनचं मोठं घंगाळं आहे, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. त्यावर कारागिराची सही सहा ठिकाणी आहे. पुढे ते फ्रान्सच्या राजघराण्यात बाप्तिस्म्याला वापरलं गेलं. तेराव्या लुईचा बाप्तिस्मा १६०६ मध्ये त्यातच झाला. लोक त्याला 'संत लुईचं बाप्तिस्मापात्र' म्हणतात, पण संत लुई १२७० मध्येच वारला होता, म्हणजे घंगाळं होण्याच्या कितीतरी आधी.

---

मुळाकाठ

ब्रिटिश म्युझियमच्या फोटोंत एक जाळीदार पितळी गोळा दिसला, चेंडूसारखा. तो काय प्रकार आहे?

---

लोहगंध

ती धूपदाणी. तुम्ही पाहिलेली बहुतेक अमीर बैसरीची असेल, तेराव्या शतकातली, दोन डोक्यांच्या गरुडांची नक्षी असलेली. गोळ्याचे दोन अर्धे उघडतात. आत एकात एक कड्या असतात आणि मधोमध निखाऱ्याची छोटी वाटी. प्रत्येक कडी दोन खिळ्यांवर फिरते, आणि आतल्या कडीचे खिळे बाहेरच्या कडीच्या खिळ्यांशी काटकोनात. वाटी जड आणि खाली लोंबणारी, त्यामुळे गोळा कसाही फिरवा, वाटी सरळच राहते. पुढे जहाजांवरचं होकायंत्र याच युक्तीने सरळ ठेवत.

महमूद अल-कुर्दीच्या काळातले असे गोळे इटलीत पुष्कळ गेले. तिथे ते हात शेकायला वापरत असं मानतात. धूपाऐवजी नुसते निखारे.

पण ही युक्ती पूर्वेकडूनच युरोपात गेली असं ठामपणे म्हणू नये. विलार द ऑनकूर या फ्रेंच माणसाच्या तेराव्या शतकातल्या चित्रवहीत कड्यांचा असा हात शेकायचा गोळा आहे, आणि चीनमध्ये तांग काळातल्या चांदीच्या धूपदाण्यांतही त्याच कड्या आहेत. गोळ्यावरचं जडावकाम मात्र निःसंशय पूर्वेचं.

---

मुळाकाठ

लोहगंध, तुमचं वर्णन मुलाला वाचून दाखवलं तर तो कपाटातून बांगड्या घेऊन आला. रविवारची दुपार त्यातच गेली, म्हणून कळवतो.

लाखेच्या लहानमोठ्या तीन बांगड्या घेतल्या. गरम सुईने भोकं पाडून तांब्याच्या तारेचे खिळे केले. पहिल्यांदा आम्ही सगळ्या बांगड्यांचे खिळे एकाच रेषेत घातले, त्यामुळे वाटी एकाच बाजूला झुलत राहिली आणि दुसऱ्या बाजूला कलंडली. मग तुमचं वाक्य परत वाचून मधल्या बांगडीचे खिळे काटकोनात घेतले. वाटी म्हणून बाटलीचं झाकण, त्याच्या बुडाला वजनासाठी एक नट चिकटवला, आणि निखाऱ्यांऐवजी चमचाभर मेथीदाणे.

मुलाने ते जाजमावरून दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडत नेलं. तीन दाणे सांडले. नट काढून त्याहून जड लावला, मग एकही नाही.

---

कासारवाडा

मुळाकाठ, फोटो टाका. आणि मुलाला सांगा, ते मोडू नकोस. मी दिवाळीत पुण्यात येते आहे, येताना तांबट आळीतून पितळेच्या तीन कड्या करून आणते.